ब्लँकमध्ये शिसं दिसतंय? मशीन उघडायच्या आधी हे बघा

सकाळी आयसीपी-एमएस (पाण्यातले धातू अगदी बारीक पातळीवर मोजणारं मशीन) पेटवलं, ट्यूनिंग झालं, कॅलिब्रेशनची रेघ सरळ आली. सगळे खूश. मग मेथड ब्लँक, म्हणजे सँपल न घालता सगळी पद्धत करून घेतलेलं कोरं द्रावण, लावला आणि त्यात शिसं ०.८ पीपीबी (लिटरला ०.८ मायक्रोग्रॅम). परत लावला, ०.३. तिसऱ्यांदा १.१. एव्हाना जेवणाची वेळ झालेली असते, ग्राहकाचा रिपोर्टसाठी फोन येऊन गेलेला असतो, आणि कुणीतरी ठामपणे म्हणतं, "कोन खराब झालेत." (कोन म्हणजे प्लाझ्मातून आयन मशीनच्या आत घेणारे, बारीक भोकाचे धातूचे शंकू.) सर्व्हिस इंजिनिअर चार दिवसांनी येतो. कोन बदलतो, जाता जाता नळ्याही नव्या टाकतो, ब्लँक झकास येतो. तीन आठवड्यांनी पहिले पाढे पंचावन्न.

पिण्याच्या पाण्यातलं शिसं मोजणाऱ्या लॅबमध्ये हे दुखणं इतक्या वेळा निस्तरलंय की आता फोनवर दोन प्रश्न विचारले की साधारण अंदाज येतो. दोष मशीनमध्ये क्वचितच असतो. तो बाटलीत, टिपमध्ये, ॲसिडमध्ये, टेबलावर आणि बऱ्याचदा आपल्याच हातावर असतो. म्हणून खालच्या तपासण्या फुकटातल्या आधी आणि खर्चाच्या शेवटी अशा लावल्या आहेत. क्रम मोडू नका. मधूनच उडी मारलीत तर दोष जाईल, पण कशाने गेला ते कळणार नाही, आणि मग तो परत येणारच.

आयएस १०५०० या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १० पीपीबी. ब्लँकच १ पीपीबी आला तर मर्यादेचा दहावा हिस्सा तुम्ही स्वतः पाण्यात घातलाय. समोरच्या सँपलमध्ये खरं ९.५ असेल तर तुमच्या रिपोर्टवर ते पाणी नापास होतं.

लक्षणं: आकड्यांचा चेहरा

नुसतं "ब्लँक जास्त येतोय" एवढ्यावर निदान होत नाही. किमान सात ब्लँक ओळीने लावा आणि आकडे कागदावर एकाखाली एक लिहा. स्क्रीनवर सरासरी बघून हे कळत नाही, कारण सरासरी नेमकी तीच गोष्ट लपवते जी आपल्याला बघायची आहे.

सगळे एकाच उंचीचे आले, म्हणजे ०.४१, ०.४३, ०.४०, ०.४२ असे, तर जे प्रत्येक ट्यूबमध्ये सारखं पडतं त्यात दोष आहे. पाणी किंवा ॲसिड.

बहुतेक स्वच्छ आणि मध्येच एखादा उसळलेला, ०.०३, ०.०४, ०.९२, ०.०३ असा, तर ट्यूब, टिप, धूळ, हात. हा सगळ्यात त्रासदायक प्रकार आहे आणि सगळ्यात जास्त आढळणाराही हाच.

रनच्या सुरुवातीला जास्त आणि मग उतरत जाणारे, किंवा एखाद्या मोठ्या सँपलनंतरच वर गेलेले, तर मेमरी. आधीचं शिसं नळ्यांमधून अजून धुतलं जातंय.

रन जसजसा पुढे सरकतो तसे चढत जाणारे, तर रिन्सची (नळ्या धुण्याच्या द्रावणाची) बाटली, उघडा ठेवलेला ट्रे, किंवा इंटर्नल स्टँडर्ड (तुलनेसाठी प्रत्येक द्रावणात सारखंच मिसळलेलं दुसरं मूलद्रव्य) घसरतंय.

आणि पाचवं लक्षण, जे कुणी तक्रार म्हणून सांगतच नाही: सँपलचे आकडे मायनसमध्ये. लोक खुशीत "शोधमर्यादेखाली" लिहून मोकळे होतात. (शोधमर्यादा म्हणजे खात्रीने ओळखता येणारी सगळ्यात कमी पातळी.) अहो, मायनस ०.३ याचा अर्थ पाणी फार स्वच्छ आहे असा नाही. कॅलिब्रेशनचा शून्यच मळलेला आहे. तुमचं सँपल तुमच्या शून्यापेक्षा स्वच्छ आहे, एवढाच त्याचा अर्थ.

वजाबाकी करून सुटका नाही

इथे हमखास कुणीतरी विचारतं, "मॅडम, ब्लँक वजा केला की झालं ना?" नाही झालं. ब्लँक रोज ०.४० च्या आसपास इमानेइतबारे येत असेल तर वजाबाकीला काही अर्थ तरी आहे. पण उड्या मारणारा ब्लँक वजा करणं म्हणजे कुठल्या ट्यूबमध्ये कचरा पडला ते माहीत नसताना सगळ्यांच्या पगारातून सारखेच पैसे कापणं.

शोधमर्यादेचं काय होतं तेही बघा. सात ब्लँक आले: ०.०३, ०.०४, ०.९२, ०.०३, ०.०५, ०.०३, ०.०४. यांचं स्टँडर्ड डिव्हिएशन काढून सात रीडिंगसाठी ठरलेल्या ३.१४३ या गुणकाने गुणलं की १.०५ पीपीबी येतात. तो एक उसळलेला आकडा नसता तर हेच उत्तर ०.०३ च्या आसपास आलं असतं. एका मळलेल्या ट्यूबने लाखो रुपयांच्या मशीनची ताकद पस्तीस-चाळीस पटींनी घटवली. आणि "तो आउटलायर आहे, काढून टाका" असं म्हणू नका. तो ब्लँकमध्ये आला तसा सँपलमध्येही येतच असतो, फक्त तिथे तो ओळखू येत नाही.

काम कधी अडवायचं याला अमेरिकेच्या ईपीएच्या २००.८ पद्धतीचा दंडक मला सोयीचा वाटतो: ब्लँक हा सँपलमधल्या पातळीच्या १०% किंवा शोधमर्यादेच्या २.२ पट, यांतलं जे मोठं ते गाठत असेल, तर सँपल नव्याने तयार करायची.

पहिली तपासणी: इंटर्नल स्टँडर्डचे कच्चे आकडे (खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं)

शिशासाठी बहुतेक जण बिस्मथ वापरतात. सॉफ्टवेअर शिशाच्या सिग्नलला बिस्मथच्या सिग्नलने भागतं. बिस्मथची नळी हवा ओढायला लागली किंवा टी-जोडाशी चोंदली की भाजक लहान होतो आणि शिसं न वाढताही उत्तर वाढतं. म्हणून पीपीबी बघू नका, काउंट्स (सिग्नलचे कच्चे आकडे) बघा. शिशाचे काउंट्स जागच्या जागी आणि बिस्मथचे खाली, तर दूषण नाहीच. नळी बघा. २००.८ मध्ये इंटर्नल स्टँडर्डला ६० ते १२५% एवढी ढील दिलेली आहे. मला ती फार उदार वाटते. ८० च्या खाली गेलं की मी थांबते.

आणखी एक. इंटर्नल स्टँडर्डच्या द्रावणातच शिसं असेल तर ते ब्लँक, स्टँडर्ड, सँपल सगळ्यांत सारखं जातं. त्याची बाटली कधी भरली होती ते बघा. "संपत आली की वरून भर घालायची" ही पद्धत असेल तर ती आजच बंद करा. बाटली रिकामी करायची, धुवायची, नवं भरायचं.

दुसरी: तीच ट्यूब परत

ज्या ट्यूबमध्ये ०.९२ आला तीच तीनदा परत लावा. तिन्ही वेळा ०.९ च्या आसपास आला तर शिसं त्या ट्यूबमध्येच आहे. दुसऱ्या वेळी ०.०४ आला तर ते मशीनच्या वाटेवर होतं आणि वाहून गेलं. पाच मिनिटांत निम्मा शोध संपतो. आणि निम्मी मंडळी नेमकी हीच पायरी गाळतात, कारण उसळलेली ट्यूब आधीच बेसिनमध्ये ओतून झालेली असते. ब्लँक ओतायचा नाही. संध्याकाळपर्यंत झाकून ठेवायचा.

तिसरी: पाच ट्यूबची चाचणी

ही एकच गोष्ट या पोस्टमधून घेतलीत तरी चालेल. अर्ध्या तासाचं काम आहे. पाच प्रकारचे ब्लँक, प्रत्येकाच्या तीन ट्यूब:

१. आपलं पाणी, आपलं नायट्रिक २%
२. आपलं पाणी, आपलं नायट्रिक ४%
३. दुसरीकडून आणलेलं पाणी, आपलं नायट्रिक २%
४. आपलं पाणी, दुसऱ्या लॉटचं नायट्रिक २%
५. रोजची पूर्ण पद्धत, गाळण-डायजेशनसकट (डायजेशन म्हणजे सँपल ॲसिडमध्ये तापवून विरघळवणं)

दुसरं पाणी शेजारच्या लॅबमधून लिटरभर मागून आणा. लोक देतात. मात्र स्वतःची धुतलेली बाटली घेऊन जा.

वाचायचं असं. पहिल्यात ०.४ आणि दुसऱ्यात ०.८ आला तर ॲसिड. ॲसिड दुप्पट केलं, शिसं दुप्पट झालं. पहिल्यात ०.४० आणि दुसऱ्यात ०.४२, पण तिसऱ्यात ०.०५, तर पाणी. पहिले चारही स्वच्छ आणि पाचवाच वर, तर फिल्टर किंवा डायजेशनची भांडी. पाचही ठिकाणी मधूनच एखादा उसळला, तर हात आणि हवा. त्यासाठी पुढे या.

दोन सावधगिऱ्या. एक, ही चाचणी उलट क्रमानेही लावा. ४% ॲसिड मशीनच्या नळ्याही खरवडून काढतं आणि मग ॲसिडवर नाहक आळ येतो. दोन, पाणी तपासायला ॲसिड न घालता नुसतं पाणी लावण्याचा मोह आवरा. शिसं ॲसिडशिवाय ट्यूबच्या भिंतीला चिकटून बसतं, आकडा छान कमी येतो आणि पाणी उगाच निर्दोष सुटतं.

चौथी: ॲसिडच्या बाटलीवरचं लेबल

लेबल नीट वाचणारे फार कमी. समजा एआर ग्रेडच्या (लॅबच्या रोजच्या वापरातल्या शुद्धतेच्या) बाटलीवर लिहिलंय: शिसं, जास्तीत जास्त ०.००००१%. वाचायला किती गरीब आकडा वाटतो! आता हिशोब करा. ०.००००१% म्हणजे किलोला ०.१ मिलिग्रॅम. २% द्रावणासाठी लिटरमध्ये २० मिली ॲसिड, घनता १.४१ धरली तर २८ ग्रॅम. त्यातून जास्तीत जास्त २.८ मायक्रोग्रॅम शिसं, म्हणजे २.८ पीपीबी. ॲसिडने लेबलवर दिलेला शब्द पाळूनही मर्यादेच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त शिसं पाण्यात आलं. प्रत्यक्षात बाटली याहून बरीच स्वच्छ निघते, पण प्रत्येक लॉट निघेलच याची हमी कुणी दिलेली नाही. म्हणूनच एखाद्या लॅबमध्ये दोन वर्षं सुरळीत चालतं आणि नवा खोका उघडला त्या दिवसापासून घोळ सुरू होतो. नवा लॉट आला की आधी पाच ट्यूबची चाचणी, मगच कामाला.

ट्रेस मेटल ग्रेडचं ॲसिड महाग असतं हे मान्य. म्हणून बाटल्या भिजवायला एआर आणि सँपलला ट्रेस ग्रेड अशी वाटणी करा. दोन्हींच्या बाटल्यांना वेगळ्या रंगाच्या पट्ट्या लावा, नाहीतर रात्रपाळीत अदलाबदल ठरलेली. आणि मूळ बाटलीत पिपेट कधीच बुडवायची नाही. लागेल तेवढं छोट्या पीएफएच्या (टेफ्लॉनसारखं प्लास्टिक) कुपीत ओतून घ्यायचं. पिपेटच्या आतल्या धातूच्या भागांवर ॲसिडची वाफ बसते, ते गंजतात, आणि तो गंज थेंबाथेंबाने सँपलमध्ये उतरतो.

पाचवी: पाणी, आणि १८.२ चा भरवसा

"मॅडम, १८.२ दाखवतंय!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. पाण्याच्या यंत्राच्या मीटरवरचे १८.२ मेगाओहम-सेंटिमीटर (पाणी विजेला किती अडवतं तो आकडा) खरे असतात, पण ते आपल्या प्रश्नाचं उत्तर नव्हेत. शुद्ध पाण्याचे स्वतःचे आयन काही वीज वाहतातच. त्या पार्श्वभूमीवर ०.१ पीपीबी शिशाने आकडा हलणारसुद्धा नाही. शिवाय कार्ट्रिज संपत आलं की सिलिका आणि बोरॉन आधी निसटतात, आणि त्यांचं आयनीकरण इतकं कमी की मीटरला पत्ता लागत नाही. मशीन हाताशीच आहे तर पाण्यात बोरॉन मोजून ठेवा. तो चढायला लागला की कार्ट्रिजची ऑर्डर टाकायची, मीटरची वाट बघायची नाही.

रोज सकाळी पहिलं लिटरभर पाणी बेसिनमध्ये सोडा. रात्रभर तोटीत साचलेलं पाणी ते. डिस्पेन्सरच्या टोकाला कुणी रबरी नळीचा तुकडा जोडलाय का बघा. बादली भरायला सोपं जावं म्हणून जोडतात आणि मग तो तिथेच वर्षानुवर्षं लोंबत राहतो. शुद्ध पाणी प्लास्टिकच्या डब्यात भरून आठवडाभर पुरवणाऱ्यांना काय बोलावं, हात जोडले.

सहावी: टिप, ट्यूब, हातमोजे

पिवळ्या-निळ्या टिप बंद करा. रंग आणायला जे घालतात त्यात कॅडमियम, तांबं, लोखंड, जस्त यांपैकी काही असू शकतं. बिनरंगी टिप घ्या आणि वापरण्याआधी २% ॲसिड दोनदा आत-बाहेर करून टाकून द्या. पावडरवाले हातमोजे नकोतच. लेटेक्समध्ये रबर पक्कं करायला झिंक ऑक्साइड वापरतात, म्हणून जस्ताचा ब्लँक त्यांच्यामुळे हमखास चढतो. हीच एक चांगली खूण आहे: शिशाबरोबर जस्तही उसळत असेल तर संशय हातावर घ्या, एकटंच शिसं उसळत असेल तर धुळीवर.

काचेची मेजरिंग फ्लास्क या कामात आणू नका. पॉलीप्रॉपिलीन किंवा पीएफए. ट्यूबची नवी पिशवी "धातुमुक्त" म्हणून विकत घेतली असली तरी तिच्यातल्या दहा ट्यूब भिजवून तपासा. बाटल्यांसाठी १०% नायट्रिकमध्ये रात्रभर, मग शुद्ध पाण्याने तीनदा, आणि वाळवायच्या नाहीत. आतलं पाणी झटकून तशाच झाकण लावून दुहेरी पिशवीत. ओव्हनमध्ये किंवा टेबलावर उपड्या घालून वाळवल्या की रात्रभराची मेहनत सकाळच्या धुळीला अर्पण.

या भिजवणीच्या टबाबद्दल एक सांगायलाच हवं. "लवकर वाळतात" म्हणून बाटल्या अल्कोहोल किंवा ॲसिटोनने विसळून टबात टाकणारे मी पाहिलेत. नायट्रिक आणि सेंद्रिय द्रावकं एकत्र येऊ द्यायची नाहीत, टाकाऊ कॅनमध्येसुद्धा. कॅन फुटतो.

सातवी: हवा, टेबल आणि खंडेनवमी

एका लॅबमध्ये ऑक्टोबरात दुसऱ्या प्रकारचं लक्षण सुरू झालं. सहा-सात ब्लँकमागे एक उसळायचा. ॲसिड बदललं, ट्यूब बदलल्या, पाण्याचं कार्ट्रिज बदललं. फरक शून्य. शेवटी उघड्या ट्यूबची चाचणी लावली. ती अशी: २% ॲसिडच्या ट्यूब खोलीत ठिकठिकाणी उघड्या ठेवायच्या, एक फ्यूम हूडमध्ये, एक बॅलन्सपाशी, एक एसीखाली, एक ऑटोसँपलरशेजारी, एक दाराजवळ. जोडीला प्रत्येक जागी एक झाकलेली. रात्रभर तशाच. सकाळी सगळ्या लावायच्या. झाकलेल्या आणि उघड्या ट्यूबमधला फरक म्हणजे त्या जागेची हवा.

दाराजवळची ट्यूब वर असेल असा माझा अंदाज होता. ती स्वच्छ. ऑटोसँपलरशेजारची ६ पीपीबी.

टॉर्च घेऊन सँपलरचं कव्हर बघितलं. मागच्या कोपऱ्यात, हार काढल्यावर उरलेल्या दोऱ्याखाली, केशरी रंगाचं बोटभर स्वस्तिक. खंडेनवमीला मशीनची पूजा झाली होती. मामांनी घरून शेंदूर आणला होता, मारुतीला लावतात तोच, तेलात न कालवता कोरडा. विचारलं तर म्हणाले, "दरवर्षी लावतो की मॅडम, मशीन बिघडू नये म्हणून." यावर हसावं की रडावं कळेना. त्यांचं काय चुकलं? शेंदूर म्हणजे काय हे त्यांना सांगायचं काम आमचं होतं.

खरा शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, वजनाच्या ९०% शिसं. त्याचा एक मायक्रोग्रॅम, म्हणजे डोळ्यांनी दिसणार नाही असा कण, ५० मिलीच्या ट्यूबमध्ये पडला तर नायट्रिकमध्ये त्यातलं दोन-तृतीयांश शिसं विरघळतं आणि उरलेलं तपकिरी डायऑक्साइड होऊन राहतं. विरघळलेलं तेवढंच १२ पीपीबी होतं. अदृश्य कणाने पिण्याचं पाणी नापास. सँपलरचा पंखा फिरला की असे कण उडत होते.

आता तिथे पूजा होते, पण लॅबच्या बाहेर, दारावर आणि लॉगबुकावर, हळद-फुलांनी. आत काही येत नाही.

शेंदूर हे ठळक उदाहरण झालं. बाकीचे चोर जास्त साधे आहेत. पितळेत बहुधा थोडं शिसं असतं, म्हणून किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवायचा नाही आणि किल्ली लावून आल्यावर हातमोजे बदलायचे. घरगुती आणि शोभेच्या रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको हा नियम आपल्याकडे २०१७ च्या शेवटी लागू झाला. त्याआधी रंगवलेल्या भिंतीचे पोपडे सुटत असतील तर ते खरवडू नका, ओल्या फडक्याने टिपा आणि झाकून टाका. दिवाळीच्या आठवड्यात खिडक्या बंद. मावशी कोरडा झाडू मारत असतील तर त्यांना ओलं पुसायला सांगा आणि तेही रन संपल्यावर. त्यांच्यावर डाफरू नका. त्यांना झाडू कुणी दिला तेही बघा.

हे दुखणं जुनंच आहे. भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी उल्केतल्या शिशावरून १९५६ मध्ये पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं काढलं. त्याआधी कैक वर्षं त्यांचा झगडा लॅबमध्ये सगळीकडून येणाऱ्या शिशाशीच चालला होता. ते कुठून येतंय याच्या मागे लागता लागता ते पेट्रोलमधल्या शिशापर्यंत पोचले. आपल्याकडे शिसंयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झालं. रस्त्याकडेच्या मातीतलं शिसं मात्र कुठे जात नाही. एमआयडीसीतल्या रस्त्याला लागून लॅब असेल तर दारात चपला काढायची सक्ती हा सगळ्यात स्वस्त फिल्टर आहे.

आठवी: डायजेशनची भांडी आणि फील्ड

पाचवी ट्यूब वर आली असेल तरच इथे या. गाळ किंवा माती ज्या मायक्रोवेव्ह भांड्यात शिजली तेच भांडं पाण्याला वापरलं तर भिंतीत मुरलेलं शिसं पुढच्या दोन-तीन खेपा निघत राहतं. भांड्यांना नंबर घाला, कुठल्या नंबरात काय शिजलं ते लिहा, पाण्याचे नंबर वेगळे. सिरिंज फिल्टरमधून आधी २% ॲसिड आणि मग थोडं सँपल ढकलून टाका.

लॅबमधले सगळे ब्लँक स्वच्छ आणि फक्त फील्ड ब्लँक (सँपल घेण्याच्या जागी नेऊन आणलेला) वर असेल तर गाडीतला बॉक्स, ॲसिडची कुपी आणि सँपल घेणाऱ्याचे हात तपासा. आणि सगळंच स्वच्छ असून सँपलमध्ये शिसं येत असेल तर ते खरंच पाण्यात आहे हेही मान्य करा! जुना पितळी नळ, पीव्हीसी पाइप. पाइपमधल्या शिशाच्या स्टॅबिलायझरवरचे नियम २०२१ चे आहेत, भिंतीतले पाइप त्याहून जुने. रात्रभर साचलेलं पहिलं पाणी आणि पाच मिनिटं सोडल्यानंतरचं पाणी अशी दोन सँपल मागवा. दोघांतला फरक बोलतो.

नववी: मशीनची वाट

आता मशीनकडे जायला हरकत नाही, आणि तेही बाहेरून आत. आधी रिन्स पोर्ट आणि रिन्सची बाटली. मग पंपाच्या नळ्या. या वापरातल्याच वस्तू आहेत, चपट्या झाल्या की बदलायच्या. मग प्रोब. मग नेब्युलायझर (द्रावणाचा फवारा करणारा भाग) आणि स्प्रे चेंबर, ५% नायट्रिकमध्ये भिजवून. नेब्युलायझरमध्ये तार घालू नका. अल्ट्रासॉनिक बाथही काचेच्या नेब्युलायझरला सोसत नाही, टोक तडकतं. प्रत्येक पायरीनंतर तीन ब्लँक. एकदम सगळं बदलायचं नाही, नाहीतर इंजिनिअरने केलं तेच आपण केलं.

कोन शेवटी. निकेलच्या कोनमुळे निकेलचा ब्लँक वाढतो, शिशाचा नाही. कोनवर बसलेल्या थरातून जुनं शिसं सुटू शकतं, पण तसं असेल तर ते आधी मोठी सँपल गेल्यावरच दिसेल, म्हणजे तिसरं लक्षण.

इथे थांबा

प्लाझ्मा पेटत नाही, व्हॅक्यूम उतरतं, टर्बो पंपाचा आवाज बदललाय, आरएफचा एरर येतोय, किंवा कोनच्या तोंडाची कड खाल्ली गेलीय: कव्हर उघडू नका, इंजिनिअरला बोलवा. आत हाय व्होल्टेज आहे. पाण्याच्या यंत्रातला यूव्ही दिवा आणि वीज-जोडणीही तुमची नाही. फ्यूम हूडचा ओढा कमी वाटला तर एसीवाल्याकडून अंदाजपंचे पंखा बदलून घेऊ नका, हवेचा वेग मोजून देणारा माणूस बोलवा. हायड्रोफ्लोरिक किंवा परक्लोरिक ॲसिड वापरून "एकदा खोल साफ करू" ही कल्पना कुणी मांडली तर प्रशिक्षित माणूस आणि योग्य हूड नसताना ती तिथेच गाडा. नायट्रिक लॅबमध्येच ऊर्ध्वपातन करून शुद्ध करायचं असेल तर उकळबिंदूखाली चालणारं तयार यंत्र घ्या. स्वतः जुगाड करू नका.

आणि रिपोर्टचं काम कधी थांबवायचं? दोन दिवसांत दोष सापडला नाही तर. शेवटचा स्वच्छ ब्लँक ज्या तारखेचा आहे तिथपासूनचे शिशाचे सगळे रिपोर्ट बाजूला काढा, क्वालिटी मॅनेजरला लेखी कळवा. आयएसओ १७०२५ या लॅबसाठीच्या मानकातलं, चुकलेल्या कामाबद्दलचं ७.१० कलम याच प्रसंगासाठी आहे. सँपल पीएच २ च्या खाली आणून ठेवलेली असतील तर धातूंसाठी सहा महिने टिकतात, पाऱ्यासाठी २८ दिवस. ग्राहकाला आठवडाभर उशीर सांगता येतो, त्यामुळे घाईचं कारण नाही. ज्यांचे रिपोर्ट आधीच गेलेत त्यांनाही फोन करावा लागेल. तो फोन कुणालाच आवडत नाही.

इंजिनिअर आलाच तर त्याच्या हातात पाच ट्यूबच्या आकड्यांचा कागद द्या: कच्चे काउंट्स, बिस्मथचे काउंट्स, लावण्याचा क्रम, तारखा. काम झालं की त्याच्या समोर तीच पाच ट्यूबची चाचणी परत लावा, त्याच लॉटच्या ॲसिडने. ती स्वच्छ आली तरच सर्व्हिस रिपोर्टवर सही करा. त्याची गाडी सुटत असेल तरीही.